दोनदा लागलेला फर्मा

उसवलेली पुस्तकं माझ्याकडे येतात,
कसब्यातल्या वाचनालयाच्या मागच्या खोलीत.
खळ, सुई, मेण लावलेला दोरा,
आणि एक खोडरबर,
कारण सभासदांना समासात बोलल्याशिवाय राहवत नाही.

ही कादंबरी पाच वर्षांत एकाहत्तर वेळा बाहेर गेली.
एक प्रकरण शके सतराशे चौदाचं, एक आत्ताचं.
तिकडे कात्रजच्या नळाचा पहारेकरी जिवाजी
पहाटे हौदात पालथा सापडतो;
इकडे मेट्रोच्या खड्ड्यात उतरलेल्या इंजिनियर पोरीला
बुजलेल्या उच्छ्वासात पितळी किल्ली.

पान ४१ वर कुणीतरी शाईनं खुन्याचं नाव लिहिलंय.
खाली पेन्सिलीत: ‘लाज वाटते का?’
त्याच्याही खाली तिसरं अक्षर, तिरकं, घाईचं:
‘नाव चुकलंय. निश्चिंत वाचा.’

लवाटेबाईंनी फक्त जुन्या काळाची प्रकरणं वाचली.
मेट्रो घरबसल्या ऐकू येते, म्हणाल्या, विकत कशाला घ्यायची.
रेहाना बागवानचं उलट.
त्या पोरीची नोकरी टिकते का, तेवढंच बघत
ती १९० पानांवर आली आणि तिथे लिहिलं:
‘आता मागे जावंच लागणार.’
ढमढेरे पाणीपुरवठ्यात बत्तीस वर्षं लाइनमन.
त्यांनी प्रत्येक उताराशी प्रश्नचिन्ह काढलंय.
‘लेखकाने आयुष्यात एकदा तरी व्हॉल्व्ह फिरवावा.’

मग पान २७३.
जिवाजी दिवटी घेऊन उच्छ्वासावर वाकतो,
खालून कुणीतरी त्याला नावानं हाक मारतं.
२८८ वर दिवटी विझते.
पान उलटावं, तर पुन्हा २७३.
तीच दिवटी, तेच वाकणं,
तीच हाक.

बाइंडिंगला अठरावा फर्मा दोनदा लागला,
एकोणिसावा लागलाच नाही.
त्यानंतर एकदम ३०५:
पोरगी चहा पितेय, सगळं उलगडून झालंय.

पुण्यात,
पाच वर्षं,
आणि एकाचीही तक्रार नाही.

उलट दुसऱ्या अठराव्यात समासाला जागा उरलेली नाही.
‘काय धाडस! पहिल्यांदा आपण जिवाजी असतो,
दुसऱ्यांदा हाक मारणारा.’
‘या वेळी शब्द थोडे बदललेत, लक्षात आलं का?’
(नाही बदललेले. मी बोट ठेवून ओळन् ओळ ताडली.)
‘उत्तर न देणं हेच उत्तर.’ हे बहुतेक प्राध्यापक.
एका बारीक अक्षरात:
‘हाक ओळखीची वाटली. उठून दाराची कडी बघून आले.’
आणि ढमढेरे, प्रश्नचिन्हाशिवाय:
‘दुसऱ्या खेपेला पटलं.
पाणी बंद असताना नळातून आवाज असाच वर येतो.’

मागवला तेव्हा प्रकाशकानं एकोणिसावा फर्मा पाठवला.
कडा न कापलेली, शाईचा वास असलेली सोळा पानं.
मी उभ्यानंच वाचली.
हाक कुणाची, कशासाठी, किल्ली तिथे कशी पडली,
सगळं नीट लिहिलंय.
फार नीट.
४१ वरची शाई खरी निघाली.
‘नाव चुकलंय’ म्हणणाऱ्यानं
दुसऱ्या कुठल्यातरी प्रतीत शेवट वाचला असणार,
आणि तरी बसून, पेन्सिल शोधून, खोटं लिहिलं.
त्या तिरक्या अक्षरावर रबर ठेवला
आणि उचलला.

काम सोपं आहे. दोन टाके उसवायचे,
जास्तीचा फर्मा काढायचा, नवा बसवायचा,
खळ वाळेपर्यंत वजनाखाली.
काढलेली पानं कुठं ठेवायची
याचा नियम वाचनालयाच्या पुस्तिकेत नाही.

दारात ढमढेरे. चपला हातात,
बाहेर मेट्रोवाल्यांनी पुन्हा चिखल केलाय.
‘ते हौदाचं आलं का दुरुस्तीहून?
ती रात्र अजून एकदा बघायची होती.’

सुईत दोरा ओवलेला आहे.
मी म्हटलं, गुरुवारी या.