तीस वेळा

ठिबकच्या नळ्यांचा कारखाना, जळगाव एमआयडीसी.
नवा रोबो आलाय, पिवळा,
कोपरावरचं प्लास्टिक अजून कुणी सोललं नाही.
माझं काम सोपं : त्याला एक ठिपका सांगायचा,
तिथं तीसदा पाठवायचा,
दर वेळी डायलचा काटा वहीत उतरवायचा.

गेला. आला. गेला. आला.
तीसही वेळा काटा त्याच रेघेवर.
फरक दोन शतांश,
म्हणजे केस उभा चिरून तीन केले
तर त्यातला एक.
मी फोटो काढायला मोबाइल काढला
तर लीलाधर झोपे मागून म्हणाले,
"पन भो, ठिपका कुठी आहे?"

टोकाला सुई बसवली, खाली आलेखाचा कागद,
कागदावर पेन्सिलीची फुली.
सुई फुलीपासून दीड मिलिमीटर लांब टोचली.
तीसही वेळा तिथंच,
मन लावून, भलत्याच जागी.

"चालते," झोपे म्हणाले.
"ठरून चुकते त्याले औषध असते."
पडद्यावर उणे दीड टाकलं. बारा सेकंद लागले.
दुपारी दोनला पत्रा तापला, बाहेर पंचेचाळीस,
पिवळा हात आठ शतांश वाढला.
झोपे खूश : "पाय, त्यालेबी ऊन लागते!"

चाळीस वर्षं टूलरूममध्ये.
साच्यावरून नख फिरवून सांगायचे
कुठं एक शतांश जास्त राहिलाय,
आणि मायक्रोमीटर निमूट हो म्हणायचा.
दिवाळीपासून उजवा हात थरथरतो.
पगाराच्या कागदावर सही करताना
ते भिंतीकडे तोंड करून उभे राहतात.
आम्ही सगळे तेव्हा चहाचं काहीतरी बोलतो.

जेवणाच्या सुट्टीत त्यांनी डबा बाजूला सारला,
कळण्याची भाकरी तशीच अर्धी.
"दुसरा कागद दे. फुली मार."
सुई स्वतःच्या चिमटीत धरली.
तीस वेळा. मी मोजत होतो, मोठ्यानं नाही.
पेरताना मूठ सुटावी तसे ठिपके,
इकडे चार, तिकडे सहा, एक पार कडेला.

ते हात धुवायला गेले तेव्हा मी बेरीज केली.
डावे उणे, उजवे अधिक, मग वर आणि खाली.
पुन्हा केली.
तिसांचा मध्य बरोबर फुलीवर येत होता.
एवढा बरोबर की मला आधी माझीच चूक वाटली.

धावत जाऊन सांगितलं.
त्यांनी नळ बंद केला, ओला हात पँटला पुसला.
"सरासरीनं साचा बनत नही, भो."

दोन्ही कागद माझ्या खणात आहेत.
उजेडाकडे धरले तर पहिल्यात एकच भोक,
तीसदा टोचून कडा गुळगुळीत झालेलं.
दुसऱ्यात तीस,
आणि त्यांच्या मधोमध पेन्सिलीची फुली,
एकाही टोचणीनं न शिवलेली.

सुई मात्र त्या दिवसापासून सापडत नाही.
मी झोप्यांना विचारलेलं नाही.