पट बावीस

आमची घंटा म्हणजे रोटाव्हेटरचं एक जुनं पातं,
कडुनिंबाला तारेनं टांगलेलं.
जो आधी येईल त्यानं वाजवायचं,
म्हणून कादवेकाठी पारा चारवर असतानाही
तुषार मोगल साडेआठलाच येऊन बसतो,
कानटोपीतून तोंडाची वाफ काढत,
हातात दगड तयार.

खोल्या दोन. एक तांदळाच्या पोत्यांची.
दुसरीत चार भिंती, चार वर्ग:
पहिली खिडकीशी, दुसरी दाराशी,
तिसरी नकाशाखाली,
चौथी माझ्या पाठीमागे.
म्हणून चौथी जरा बिघडलेली.

पटावर बावीस नावं, निळ्या शाईत.
त्यांच्याखाली, द्राक्षाच्या हंगामापुरती,
पेन्सिलीत सात.
सुरगाण्याकडून आईबापांच्या टोळीबरोबर आलेली,
मळ्यातल्या पत्र्याच्या शेडमध्ये उतरलेली.
पेन्सिलीत का, असं जयवंती भोयेनं विचारलं नाही.
एकदा फक्त आपल्या नावावर बोट ठेवून पाहिलं,
बोटाला काळं लागलं,
ते फ्रॉकला पुसलं.

जयवंती तिसरीत. कडेवर भाऊ, गुलाब, दोन वर्षांचा.
तो पटावर नाही. पेन्सिलीतही नाही.
पण हजेरी सुरू झाली की
प्रत्येक नावाला तोच ओरडतो,
"हजल!"
तुषार मोगल, हजल.
ओझरला मामाकडे गेलेली श्रावणी, हजल.
गोवराने झोपलेला सोपान, तोही हजल.
केंद्रप्रमुख आले त्या दिवशी
आमची उपस्थिती शंभर टक्क्यांच्या वर गेली
आणि साहेब पहिल्यांदा हसले.

वजाबाकी शिकवताना मी फळ्यावर चिमण्या उडवत होते.
बारा चिमण्या, पाच उडाल्या.
जयवंती म्हणाली, बाई, हे विरळणीवाणी आहे.
घडात दोनशे मणी असतात, शंभर ठेवायचे.
कापायचे ते मोजायचेच नाहीत,
ठेवायचे तेवढे मोजायचे.
आणि दोन बोटांची कातर करून
तिनं हवेत भराभर एक घड मोकळा केला,
एकही मणी न दुखवता.
अंगठ्याच्या पेराशी हिरवट काळा डाग,
साबणाला न जुमानणारा.

डी.एड.ला हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

मी विचारलं, तू पण जातेस का गं कातर घेऊन?
ती नकाशाकडे बघायला लागली.
नकाशात सुरगाणा अगदी कडेला आहे,
तिथे चौकटीचा खिळा ठोकलाय.

दुपारी ठकूबाई खिचडी वाढते.
तिला लिहिता येत नाही,
पण पातेल्यात डाव घालण्याआधी
ती ओसरीवरून एक नजर फिरवते आणि
एकोणतीस अधिक गुलाब
असा तांदूळ तिला कळतो.
गुलाब वाटाणे वेचून आधी खातो,
मग भात बहिणीला भरवतो,
मग पुन्हा ओरडतो. काय ते आम्हाला माहीत आहे.

मार्चमधल्या एका रविवारी
टेम्पो आला म्हणे, रात्रीच.
शेडमध्ये तीन दगडांची चूल तेवढी राहिली
आणि पत्र्यावर खडूनं काढलेला एक घड.
हे तुषारनं सांगितलं. त्यानं जाऊन पाहिलं होतं.

सोमवारी मी बावीसच नावं घेतली.
पोरं आपापलं हजर म्हणत होती,
पण प्रत्येक नावानंतर
थोडी जागा उरत होती.
सातव्या की आठव्या नावाला
माझ्या पाठीमागून, चौथीतून, कुणीतरी
हळूच म्हणालं,
"हजल."

मी वळले नाही.
वळले असते तर रागवावं लागलं असतं.
पुढचं नाव घेतलं.

त्या दिवशी खिचडी उरली.
ठकूबाई स्वतःवरच चिडली,
तुषारनं तीनदा घेतली,
तरी उरलीच.

पेन्सिलीतल्या नावांवर खोडरबर फिरवायचं
अजून राहिलंय.
मार्चअखेर कामं फार असतात.