रात्रीचा माल

सोनोग्राफीच्या बाईनं बरगडीखाली
थंडगार जेली लावली
आणि पडद्याकडं बघत म्हणाली,
जरा जास्तच उजळ दिसतंय.
मला वाटलं, चांगलं असेल.
उजळ म्हटल्यावर कोण घाबरतं?

उजळ म्हणजे चरबी. ग्रेड दोन.
म्हटलं, अहो, मी थेंबभर पीत नाही,
आमच्या घरात बटाटासुद्धा येत नाही.
(बाहेरचं आक्काला माहीत नाही.)
हेर्लेकर डॉक्टरीणबाईंनी
काय खाता ते विचारलंच नाही.
विचारलं, कधी?

कधी.
शिरोलीत विजेचा दर रात्री उतरतो
म्हणून भट्टी रात्री चढते,
म्हणून मी जागा.
तिसरी हीट ओतून होईतो पहाटेचे तीन.
हातमोजे काढायचे, दस्तगीरच्या मागनं
गेटाबाहेरच्या गाड्यावर,
कट वडा, चार पाव, दोनदा गोड चहा.
सातला घरी, तव्यावरची भाकरी, लोणी,
आणि त्यावर तसंच आडवं.
अकरा वर्षं.

बाईंनी रिपोर्टच्या पाठीवर दोन घड्याळं काढली.
एक डोक्यातलं, ते उजेड बघून चालतं.
एक यकृतातलं, त्याला डोळे नाहीत,
ते घासावर चालतं.
तुम्ही दोघांना वेगवेगळी वेळ सांगताय, म्हणाल्या,
आणि पेनाचं टोपण लावलं.

मला मार्केट यार्ड आठवलं.
भट्टीवर लागायच्या आधी दोन वर्षं
मी तिथं गुळाच्या नोंदी लिहायचो.
सौदा दिवसा. अडते रव्यावर नख ओढून बघायचे,
भाव फुटायचा, हमाल पाठ द्यायचे,
दुपारपर्यंत ओळी रिकाम्या.
पण एखादी ट्रॉली रात्री दोनला यायची.
हमाल पोत्यांवर घोरत,
पुकारायला कोणी नाही, घ्यायला कोणी नाही,
आणि ट्रॉलीवाला म्हणायचा, मला परत जायचंय.
मग उतरवा इथंच, भिंतीला.
उद्या बघू.
उद्याला उद्याचा माल असतो.
खालचे रवे घाम सोडतात, पाझरतात,
फरशी चिकट होत जाते,
माणसाला जायला वाट उरत नाही.

आक्का हातकणंगल्याला.
दिवस कलला की तिचं ताट धुऊन पालथं.
अंधारात जीव पडतात अन्नात, म्हणायची.
मी चिडवायचो, बल्ब आहे की, आक्का.
परवा फोनवर सांगितलं,
डॉक्टर पण तुझंच म्हणतात.
ती जिंकल्यासारखी हसली नाही.
म्हणाली, मग तुला दिवसपाळी
देत नाहीत होय रे?
याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं.
वीजबिलाकडं असेल.

आता सहाला जेवतो,
खिडकीत ऊन असतानाच.
सुनीती म्हणते, पाव्हण्यागत एकटेच जेवताय.
पोरगी वहीतनं मान वर करून विचारते,
बाबा, तुम्ही आजारी आहात का?
रात्री पाणी. कोरा चहा, बिनसाखरेचा.
तीनच्या ठोक्याला पोट दार वाजवतं,
जुनं गिऱ्हाईक ते, सवयीनं येणारच.
दस्तगीर म्हणतो, भावा, उपास कुणाचा?
म्हटलं, यकृताचा.
त्यानं कानाला हात लावला
आणि माझ्या वाटणीचा वडा उचलला.

गेल्या गुरुवारी भट्टीचं अस्तर फुटलं.
लोखंड खाली, आम्ही वर,
पहाटेपर्यंत नुसती पळापळ.
चारला मी दोन वडे खाल्ले, उभ्यानं.
खोटं कशाला बोलू,
आईशप्पथ, लई भारी लागले.
आतला हमाल दचकून उठला असेल,
शिवी हासडून परत कुशीवर.

सहा महिन्यांनी बोलावलंय.
ती बाई परत जेली लावेल, पडदा तिच्याकडं वळवेल.
सगळा जन्म उजेड मागण्यात गेला माझा,
परीक्षेत, पगारात, पोरीच्या वाट्याला.
त्या दिवशी मात्र,
बरगडीखाली, वीतभर जागेत,
जरा अंधार दिसू दे.