निहारच्या पेपरातली रेघ

प्रश्न चौथा, ब.
दोन ओळी समीकरण नीट चाललंय,
तिसरीत क्षचा पाय घसरलाय
आणि तिथून एक निळी रेघ
समास ओलांडून गेलीय,
बाकावरही उतरली असणार.

झोपलास?
निहार टेंबे, दहावी क, मान हलवतो.
घर सराफ्यात, तिसरा मजला.
खाली रात्री दोनपर्यंत कढया, झारे, गिऱ्हाइकं.
म्हटलं, त्या गोंगाटात कसली झोप लागणार!

"गोंगाटात लागते, मॅडम.
दुकानं वाढवली की जाग येते."
मग?
"मग काही नाही. शेवटचं शटर पडतं,
झाडूवाले येऊन जातात,
आणि मला एकेक आठवायला लागतं."
काय, ते त्याने सांगितलं नाही.
मीही नुसती खडू झटकत राहिले.

आता राजेंद्रनगरात, माझ्या टेबलावर,
साडेबारा वाजलेत.
पाचांपैकी दोन दिले.
रेघेला गुण नाहीत, रकानाही नाही.
तरी तिच्यावरून बोट फिरवत जाते
आणि जिथे ती कागद सोडते
तिथे बारीक अक्षरात लिहिते:
उद्या मधल्या सुट्टीत ये.
डबा घेऊन ये.
गणिताचं काही नाही.