लंडनच्या मागच्या बाजूला

पहाटे चाराला दहा कमी होते.
मी फोन केला. आग लागलीय, म्हटलं.
बाई म्हणाली, कुठे?
लंडनच्या मागे, चर्चला लागून.
ती जरा वेळ गप्प.
मग फार शांतपणे, दारुड्याशी बोलावं तसं :
सर, कुठल्या शहरात?

आता हे कसं सांगायचं.
हॅलोरन स्टुडिओचं फाटक बरबँकमध्ये,
कँटीन लॉस एंजेलिसमध्ये,
मधली साडेचार एकर कुठल्याच शहराची नाही,
ती थेट काउंटीची.
टपाल येतं चौथ्याच गावाच्या नावाने.
एकोणतीस वर्षं मी इथे भिंती रंगवतोय;
सकाळी एका शहरात डबा ठेवतो,
दुपारी दुसऱ्यात बसून खातो.
आमच्या ओसवाल्डोने एकदा पार्किंगच्या दंडावरून
दोन्ही शहरांना एकमेकांच्या पावत्या दाखवल्या,
तर दोघांनीही माफ केलं.
तेव्हा आम्ही पोट धरून हसलो होतो.

थांबा, जोडून देते, बाई म्हणाली.
फोनात सनई नाही, पण तसलंच काहीतरी
लग्नाआधी वाजतं तसं वाजत राहिलं.

प्लायवूडच्या विटा विटांसारख्या कोसळत नाहीत.
पापडासारख्या कडेने वळतात,
फोड येतात त्यांना,
आणि आतून दिसतो दोन बाय चारचा सांगाडा,
त्याच्यावर पेन्सिलीने लिहिलेलं कुणाचं तरी माप.
चर्चचा कळस मी तीन वेळा रंगवला होता,
एकदा युद्धासाठी, एकदा नाताळासाठी,
एकदा नुसता जुना दिसावा म्हणून.

दुसरी बाई. पहिल्यापासून सांगा.
म्हटलं, बाई, पॅरिसचा कोपरा गेला,
वारा आता न्यूयॉर्ककडे वळतोय.
सर, तुमचं नाव?
डेल्फिनो अर्रेओला.
डेल्फिनो, तुम्ही आत्ता नेमके कुठे उभे आहात?
मी खाली बघितलं.
मोजणीवाल्यांनी ठोकलेला पितळी खिळा
माझ्या दोन बुटांच्या मधे चमकत होता.

बंब आले. तीन, तीन दिशांनी.
त्यांच्यात भांडण वगैरे झालं नाही,
तसं व्हावं असं मागाहून बऱ्याच जणांना वाटलं.
कॅप्टन तावित्यान खाली उतरली, हात हलवला,
आणि तिन्ही शहरांची माणसं एकाच धुरात शिरली.
एक कोवळा पोरगा पाइप खांद्यावर टाकून धावला
न्यूयॉर्कच्या कोपऱ्यावर, नळखांबाकडे.
पाना लावला, जोर केला,
आणि अख्खा नळखांब उपटून
त्याच्या छातीशी आला, पपईसारखा हलका.

फायबरग्लास.
त्याच्यावरचा गंज माझा.
चहाचं पाणी, काळपट तपकिरी, थोडी भुकटी,
तीन दिवस बसलो होतो त्याच्यापुढे.
इतका जमला होता
की रात्रीची भटकी कुत्री फसायची.
एक मिनिट गेलं. फार तर सव्वा.
त्या सव्वा मिनिटात कपड्यांचं गोदाम पेटलं.

उजाडलं तेव्हा लंडन नव्हतं,
त्याच्या जागी डोंगर दिसत होता,
तो तिथे होता हेच मी विसरलो होतो.
टेबल मांडून तीन कारकून बसले होते
एका नकाशाच्या तीन प्रती घेऊन.
घटनास्थळ या रकान्यावर
तिघांची पेनं अडलेली.

तो पोरगा आला, काखेत नळखांब.
हा तुमचा?
हो, म्हटलं.
मला वाटलं, बोलेल आता.
त्याने अंगठ्याने गंज घासून बघितला,
निघत नव्हता.
भारी काम आहे, म्हणाला, आणि पाणी प्यायला गेला.
मी तिथेच उभा. खूश व्हायचं की तोंड लपवायचं,
दोन्ही एकदम करता येत नाही.

घरी आणला तो. दारासमोर, पदपथाच्या कडेला ठेवलाय.
काल महापालिकेची गाडी आली,
ओसवाल्डो म्हणतो, ती आपल्या महापालिकेची नव्हती.
माणूस उतरला, त्याने खांबाला नंबर दिला,
पिवळ्या रंगात, नीट,
आणि निघून गेला.
तिथे आता कुणी गाडी लावत नाही.