जुनिपरचं प्यादं

रविवारी कुरेसारेच्या शाळेत सामना.
तिसरा पट. समोर एंडेल, माझा सख्खा भाऊ,
आणि माझ्याकडे काळी.
यात नवं काहीच नाही.
तो चार वर्षांनी मोठा, म्हणून पांढरी कायम त्याची;
मी धाकटी, मला उत्तर द्यायची सवय.

तो वजिरापुढचं प्यादं दोन घरं सरकवणार.
बासष्ट वर्षं तेच सरकवतोय.
घरच्या पटातलं मूळचं प्यादं
एका उन्हाळ्यात होडीवरून समुद्रात गेलं,
तेव्हा वडिलांनी जुनिपरच्या फांदीतून दुसरं कोरलं,
जरा जाडसर, मान नसलेलं.
ते हललं की धुरावलेल्या माशासारखा वास सुटायचा.
डाव सुरू झाल्याचं
डोळ्यांआधी माझ्या नाकाला कळायचं.

आठवडाभर स्वयंपाकघरात बसले आहे,
राईचा पाव, गार झालेली कॉफी,
खिडकीबाहेर गोठलेली खाडी.

डच खेळावं?
राजाच्या बाजूचं प्यादं भसकन पुढे,
म्हणजे फेब्रुवारीत मागचं दार सताड टाकून
पुढच्या दारात भांडायला जाणं.
तिशीत असते तर गेले असते.

किंग्ज इंडियन?
आधी सगळं मैदान त्याला देऊन टाकायचं,
घे बाबा, घे,
आपण कोपऱ्यात किल्ला करून गप्प,
आणि मग एके दिवशी सगळंच पेटवायचं.
हे मी केलंय.
पटावर नाही.
आईला पुरून आलो त्या दुपारी, कॉफीच्या टेबलावर.

बेनोनी. पुस्तक म्हणतं, शब्द हिब्रू,
अर्थ: माझ्या दुःखाचा मुलगा.
पुस्तक मिटलं.

दुसऱ्या खेळीला तो आणखी एक प्यादं देऊ करेल, फुकट.
खायचं का?
त्याचं देणं मला ठाऊक आहे.
वडिलांची होडी अशीच दिली होती,
"तूच ठेव माइमू, मला काय करायचीय,"
आणि दहाएक खेळ्यांत परत नेली,
वर धक्क्यावरची मधली जागाही त्याचीच.
पुस्तकात नेमकं हेच आहे,
फक्त होडी नाही.

शेजारचा उर्मास लॅपटॉप घेऊन आला.
"स्लाव खेळ. मशीन म्हणतं, शून्य पूर्णांक शून्य शून्य."
म्हणजे कुणाचं कुणाकडे काही निघत नाही.
हे मशीन अकरा वर्षांपूर्वी
वाटणीच्या वेळी कुठे होतं?

वाटणीत पट एंडेलकडे गेला, सोंगट्यांच्या पेटीसकट.
प्यादं माझ्या एप्रनच्या खिशात होतं.
मी दिलं नाही.
त्यानं मागितलं नाही.
तो त्या जागी आता काय ठेवतो कुणास ठाऊक,
बाटलीचं बूच असेल, बटण असेल.
मी कधीकधी चहाच्या डब्यातून ते काढते,
पूर्वीइतका वास येत नाही.

शनिवारी रात्रीपर्यंत काहीही ठरलं नव्हतं.

शाळेत सोंगट्या प्लॅस्टिकच्या, पोकळ, हलक्या.
एंडेलनं टोपी काढली, घड्याळ तपासलं,
केस फारच विरळ झालेत.
वजिरापुढचं प्यादं दोन घरं.
मग हात मागे घेताना
त्यानं बोटं नाकाशी नेली,
क्षणभर,
आणि माझ्याकडे न बघता कागदावर खेळी लिहायला घेतली.

माझं घड्याळ चालू होतं.
डच, बेनोनी, मशीनची शून्यं
कुठल्या कुठे गेली.
मी माझं वजिरापुढचं प्यादं उचललं
आणि त्याच्या प्याद्याच्या नाकासमोर ठेवलं.

प्यादं चालतं सरळ, मारतं तिरकं;
आमच्या घरात सगळे असेच.
पण ही दोन आता छातीला छाती लावून उभी,
खाता येत नाही,
पुढे जाता येत नाही,
मागे जायची तर प्याद्यांना मुभाच नाही.

एंडेल बराच वेळ पटाकडे बघत राहिला.
मग म्हणाला, अगदी हळू, पंचाला ऐकू जाऊ नये म्हणून,
"तुझ्याकडेच आहे ना ते?"