बारा चाळीसचा प्रश्न

नकाशे ठेवायच्या जुन्या खोलीत
आम्ही ते बसवलं. छोटंच, दप्तराएवढं.
गच्चीवर सहा सोलर पॅनल, टेबलाखाली दोन बॅटऱ्या
आणि भिंतीवर कोठावदे सरांचा मीटर.
"प्रत्येक उत्तराला कुठंतरी कोळसा जळतो, खैरनार मॅडम,"
असं म्हणून ते खिडकीतून बोट दाखवतात,
जणू एकलहऱ्याची धुराडी इथून दिसतातच.
दिसत नाहीत. गंगापूर रोडवरून दिसतात
फक्त क्लासेसच्या पाट्या.

पहिल्या आठवड्यात ते सगळ्यांना म्हणायचं:
वा, फार सुंदर प्रश्न!
'पेपरला किती पानं लिहू' हाही सुंदर,
'मॅडम आज आल्यात का' हाही सुंदर.
मला शिकवायला लागून एकोणीस वर्षं झाली,
फुकटचं कौतुक काय करतं ते मला माहीत आहे.
आमच्या द्राक्षांचं होतं तेच:
मणी फुगतो, गोडी उतरत नाही.
ते शब्द मी एकेक करून खुडले.
त्याला शिकवलं, आधी विचार,
तुम्हाला काय वाटतं?
मग थांब.
थांबणं शिकवायलाच सगळ्यात जास्त दिवस लागले.
मलाही लागले होते.

रात्री अकराला बंद करायचं.
सूचना माझी, अनुमोदन कोठावदे.
एवढ्या रात्री कोण अभ्यास करतं, असं मी म्हणाले.
इतिवृत्तात आहे तसंच.

वनिता गांगुर्डे. गाव पेठच्या बाजूचं.
अंबडला सेकंड शिफ्ट, खोलीवर यायला सव्वाबारा.
बारा चाळीसला तिनं लिहिलं:
'स्मृतीचा धडा तीनदा वाचला. राहत नाही.
माझं डोकंच कमी आहे का?'

तो प्रश्न रात्रभर त्या अंधाऱ्या खोलीत बसून राहिला,
शेवटची एसटी चुकलेल्या माणसासारखा,
पिशवी मांडीवर घेऊन.
सकाळी आठला पॅनलवर ऊन आलं.
दहाला मी पोचले, तोवर त्यानं उत्तर दिलेलं होतं:
'तुम्हाला काय वाटतं?'

माझंच वाक्य.
मी खुर्चीत बसले नाही बराच वेळ.

फोन केला तेव्हा ती नळावर होती,
बादली भरल्याचा आवाज येत होता.
"राग नाही आला, मॅडम.
ते झोपलंय म्हटल्यावर बरंच वाटलं उलट.
आमच्या लाइनीवरचं कायच झोपत नाही."
आणि हसली.

मग चार दिवस सर आणि मी भांडलो.
ते म्हणत बॅटरी, मी म्हणे माणूस,
मग मी म्हणे बॅटरी आणि ते म्हणत माणूस,
इथवर गेलं.
पाचव्या दिवशी सरांनी स्वतःच्या केबिनचा एसी बंद केला
आणि वहीत लिहिलं: रात्री साडेबारा ते सव्वा.
मी त्याचं ते वाक्य काढलं नाही,
फक्त कुणाला आणि कधी विचारायचं नाही,
ते शिकवायला बसले.
अजून बसलेलीच आहे.

परवाची नोंद माझ्यासमोर आहे.
त्यानं विचारलंय: कामावर काय काय लक्षात ठेवता?
तिनं लिहिलंय:
बोल्टचे एक्केचाळीस नंबर.
कोणाच्या चहात साखर नाही.
कंपनीची बस कुठल्या वळणावर हळू होते.
सुपरवायझर कोणत्या वारी चिडतो.
आईची पांढरी गोळी सकाळची, गुलाबी रात्रीची,
ती इथून फोनवर सांगावी लागते.
मावशीचं देणं. दोन हजार तीनशे, चारशे फिटले.

पुढं काही नाही.
त्यानं 'वा' म्हटलेलं नाही, 'छान' म्हटलेलं नाही.
सहा मिनिटं दोघंही गप्प.

मग तिची एकच ओळ:
'म्हणजे राहतं की.'

कोठावदे सर म्हणतात,
त्या सहा मिनिटांना किती वीज लागली
ते अगदी काटेकोर सांगता येईल.
मी म्हटलं, सांगा.
अहवालात त्यासाठी रकाना नाही,
समासात लिहू.